आधी धूर, मग पार्ट

"बदलून बघू." मराठीतले सगळ्यात महागडे दोन शब्द कुठले असं मला कुणी विचारलं तर मी हेच दोन सांगेन.

गाडी सिग्नलला उभी आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरी आरपीएमचा काटा झोके घेतोय... हजार, अठराशे, हजार, अठराशे. गॅरेजमध्ये नेण्याची खोटी, बॉनेट पुरतं उघडायच्या आत हे दोन शब्द ऐकू येतात. प्लग बदलून बघू. नाही गेलं? कॉइल बदलून बघू. तरी नाही? मग सेन्सर असेल, बदलून बघू. गंमत अशी की ह्यात 'बदलू' असतं, 'बघू' कुठेच नसतं. बघायचं राहूनच जातं आणि न बघितल्याचे पैसे आपण भरतो.

तर मंडळी, ह्या वीकांताचं प्रवचन ह्या दोन शब्दांविरुद्ध आहे. आणि पत्र्याच्या एका डब्याच्या बाजूने आहे. डब्याकडे येतोच, पण आधी बिल बघा.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यातलं, जिल्हा धाराशिव (माझ्या दहावीच्या मार्कशीटवर अजून उस्मानाबादच आहे, आणि एसटीत बसलं की तोंडातून तेच निघतं). अण्णांकडे २०१४ची एक छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे. गाडीला एकच दुखणं. सकाळी ठीक, पण इंजिन तापलं की उभ्या गाडीची रेस आपोआप वाढायची. अण्णांच्या भाषेत, "हुबी केली की गुरगुरायलीय बघ, म्हशीवानी." ह्या एका दुखण्यावर चार महिन्यांत, दोन गॅरेजांत मिळून झालेला खर्च असा: थ्रॉटल बॉडी क्लीनिंग १,२००, प्लग ९००, मॅप सेन्सर २,८००, आयडल व्हॉल्व्ह ३,४००, ऑक्सिजन सेन्सर ४,६००, मजुरी १,५००. बेरीज १४,४००. गुरगुर जशीच्या तशी.

पुण्यात बसून चौदा हजार म्हणजे फार वाटत नाहीत. एक बरा फोनसुद्धा येत नाही त्यात. गावाकडे त्याचं माप वेगळं आहे. २०२५-२६चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावाने धरलं तरी पावणेतीन क्विंटल सोयाबीन त्या बॉनेटखाली गेलं. आणि हमीभावाने खरंच किती जणांचं विकलं जातं हे कुणालाही विचारू नका. वर २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात कुणाचं किती सोयाबीन हाताला लागलं हेही विचारू नका. त्या वर्षी हे बिल झालंय.

शेवटी दुसऱ्या मेस्त्रींनी हात टेकले आणि निदान सांगितलं: "अण्णा, पेट्रोलच तसलं यायलंय आता. ई-वीसमुळं हाय हे. समद्याच गाड्यांचं असंच चाललंय." अण्णांचा अर्धा ऊस कारखान्याला जातो, त्याच उसाच्या मळीपासून इथेनॉल होतं, तेच पेट्रोलमध्ये येतं. म्हणजे आमच्याच उसाने आमचीच गाडी बिघडवली असा निकाल लागला! अण्णांनी तो मान्यही केला होता.

मी नाही केला. का ते सांगतो, थोडं इंजिनियरिंग सहन करा.

पेट्रोल इंजिन म्हणजे एक हवा ओढणारा पंप. पाय काढला की थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद होते, पण पिस्टन ओढायचे थांबत नाहीत. त्यामुळे झडपेच्या मागे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब खूप खाली जातो. बाहेर साधारण ९४ किलोपास्कल (धाराशिव समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून मुंबईसारखे १०१ नाहीत) आणि आत निरोगी इंजिनात ३०-३५. ह्या फरकालाच गॅरेजमध्ये व्हॅक्युम म्हणतात. ह्या व्हॅक्युमवर बऱ्याच गोष्टी जगतात: ब्रेकचा बूस्टर, क्रँककेसमधली वाफ परत ओढून घेणारा पीसीव्हीचा पाइप, पेट्रोल टाकीची वाफ ओढणारा पर्जचा पाइप. शिवाय मॅनिफोल्डचं पॅकिंग, इंजेक्टरचे रबरी सील. ह्यातलं काहीही चिरलं, तडकलं, उंदराने कुरतडलं, तर झडपेला वळसा घालून चोरवाटेने हवा आत शिरते.

किती शिरते? हा आकडा मी काढला तेव्हा मलाच विश्वास बसला नाही. एक लिटरचं इंजिन ८०० आरपीएमवर सेकंदाला साधारण दोन-सव्वादोन ग्रॅम हवा घेतं. दोन मिलिमीटर व्यासाच्या एका भोकातून, एवढ्या व्यॅक्युमला, सेकंदाला साधारण अर्धा ग्रॅम हवा शिरते. म्हणजे आयडलच्या हवेचा पाव-पाचवा हिस्सा! चार मिलिमीटरचं भोक असेल तर जवळजवळ सगळीच. ढोबळ हिशोब आहे, पण थर्मोडायनॅमिक्समध्ये चोक्ड फ्लो शिकलेल्यांनी कागदावर करून बघावा. आणि त्याच चोक्ड फ्लोमुळे व्हॅक्युम आणखी वाढला तरी भोकातून येणारी हवा वाढत नाही. मग सोलापूर रोडला ऐंशीच्या स्पीडने जाताना इंजिन कितीतरी पट जास्त हवा घेत असतं, त्यात हा अर्धा ग्रॅम कुठल्याकुठे विरघळतो. म्हणून ही गाडी हायवेला शहाण्यासारखी पळते आणि एसटी स्टँडसमोर ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की वेड्यासारखी करते.

सकाळी ठीक आणि तापल्यावर वाईट, हेही ह्यातच बसतं. थंड इंजिनाला ईसीयू मुद्दाम जास्त आयडल देतो, म्हणजे जास्तीची हवा हवीच असते. चोरवाटेने आलेली हवा त्यात खपून जाते, ईसीयू आपला आयडल व्हॉल्व्ह तेवढा मिटून घेतो. इंजिन तापलं की हवा कमी करायची वेळ येते. ईसीयू व्हॉल्व्ह मिटत मिटत पूर्ण बंद करतो, पण चोरवाट काही त्याच्या हातात नाही. काटा वर जातो. झडप बंद आणि आरपीएम जास्त बघून ईसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे, तो पेट्रोल तोडतो. काटा पडतो. पेट्रोल परत सुरू. काटा वर. झाली गुरगुर.

आता इथे एक मुद्दा आहे जो यूट्यूबवर शिकलेल्या लोकांच्या हमखास निसटतो (ह्यात मेस्त्रीही आले आणि आपण संगणकवालेही आलो). तिथले बहुतेक व्हिडिओ अमेरिकन गाड्यांचे. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर थ्रॉटलच्या आधी असतो. चोरवाटेची हवा त्याला दिसतच नाही, म्हणून मिश्रण पातळ होतं आणि पी०१७१ हा सुप्रसिद्ध कोड येतो. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत बहुधा तसा सेन्सर नसतोच. तिथे मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज बांधतात, तोच मॅप सेन्सर. चोरवाटेने आलेली हवा मॅनिफोल्डमध्येच येते, त्यामुळे मॅप सेन्सरला ती दिसते, ईसीयू तेवढं पेट्रोल इमानदारीत घालतो. मिश्रण ठीक राहतं, फक्त रेस वाढते. म्हणजे लीक तोच, पण लक्षण वेगळं. पी०१७१ नाही म्हणजे लीक नाही, असं म्हणणाऱ्याने आधी गाडीत सेन्सर कुठला ते बघावं.

आमच्या गाडीत कोड होता पी०५०७. त्याचा अर्थ एवढाच की आयडल आरपीएम अपेक्षेपेक्षा जास्त आहे. अरे, ते तर अण्णांनीही सांगितलं होतं, म्हशीवानी गुरगुरायलीय म्हणून! कोड लक्षण सांगतो, गुन्हेगाराचं नाव सांगत नाही. पण स्कॅनरवर 'आयडल' हा शब्द दिसला आणि बिचारा आयडल व्हॉल्व्ह फासावर गेला. ३,४०० रुपये.

मॅप सेन्सरचं तर त्याहून वाईट. तो तपासायला एक रुपया लागत नाही. इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करा. इंजिन ओढत नाही, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेएवढाच असला पाहिजे. स्कॅनरवर मॅपचा आकडा वाचा. धाराशिवला ९४च्या आसपास, पुण्यात ९५, मुंबईत १०१. तेवढा आला तर सेन्सर निदान ह्या टोकाला खरं बोलतोय. मग इंजिन सुरू करून आकडा खाली जातो का ते बघा. आमच्याकडे ब्लूटूथवाला सातआठशे रुपयांचा ओबीडी डोंगल आहे, त्यावर मी जुना, म्हणजे काढून टाकलेला सेन्सर परत लावून बघितला. ९४. नवा लावून बघितला. ९४. दोघेही सख्खे भाऊ. २,८०० रुपये पाण्यात.

आणि ई२०? त्याचीही तपासणी होऊ शकते, नुसती चर्चा कशाला करायची. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, दहा टक्के इथेनॉलवाल्याला १४.१च्या आसपास, वीस टक्केवाल्याला साधारण १३.५. म्हणजे ई१० वरून ई२० वर आल्यावर इंजिनाला तेवढ्याच हवेला साधारण चार टक्के जास्त इंधन घालावं लागतं. ऑक्सिजन सेन्सरवरून ईसीयू हे आपोआप करतो आणि त्याची नोंद फ्युएल ट्रिममध्ये दिसते. इथेनॉलचा परिणाम असेल तर ट्रिम सगळीकडे थोडी वर सरकलेली दिसेल, आयडललाही आणि अडीच हजार आरपीएमलाही. रेस आपोआप वाढणार नाही. आमच्या गाडीत ट्रिम दोन्हीकडे चार-पाचने वर होती आणि आयडल व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला होता. पहिली गोष्ट इथेनॉलची. दुसरी चोरवाटेची. दोन वेगळे आजार, एका नावाने ओळखले गेले.

ई२०ची वकिली मी करत नाहीये, गैरसमज नको. मायलेज पडतं हे खरंच आहे, आणि जुन्या काही गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग, पॅकिंग बदलावे लागू शकतात हे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये कबूल केलंय. पण म्हणून उद्या वायपर चालेना तरी ई२०च? पूर्वी "गाडीला नजर लागली" म्हणायचे. आता "ई-वीसमुळं हाय" म्हणतात. लिंबू-मिरची निदान दहा रुपयांत यायची.

असो. डब्याकडे येऊ.

चोरवाट शोधायची म्हणजे भोक शोधायचं, आणि भोक सहसा तिथे असतं जिथे डोळा पोचत नाही. पाइपाच्या खालच्या अंगाला, वळणावर, क्लिपच्या आत. आपल्याकडे ह्यासाठी दोन पद्धती चालतात. एक म्हणजे पाइप पकडीने दाबून बघणे. फुकट आहे, बरी आहे, पण जिथे पाइपच नाही, पॅकिंग आहे, तिथे काय दाबणार? दुसरी म्हणजे चालू, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल नाहीतर कार्ब्युरेटर क्लीनर शिंपडत जायचं आणि कुठे आवाज बदलतो ते ऐकायचं. ही दुसरी मी डोळ्यांनी पाहिली आहे, पेप्सीच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून. शेजारी तापलेला सायलेन्सर, वर कॉइलच्या ठिणग्या. त्या धाडसाबद्दल मी जास्त लिहीत नाही, अग्निशमनवाल्यांनी लिहावं.

तिसरी पद्धत धुराची. इंजिन बंद आणि थंड. मॅनिफोल्डमध्ये अगदी हलक्या दाबाने दाट पांढरा धूर भरायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बॅटरीच्या उजेडात बघायचं. संपलं. आपल्या सिव्हिलवाल्या मित्रांना आठवेल, ड्रेनेजच्या धड्यात स्मोक टेस्ट होती. घराच्या सांडपाण्याच्या पाइपात धूर सोडून गळती शोधायची. अगदी तेच. एवढी साधी कल्पना आहे की गटारवाले ती वापरतात, आणि लाखो रुपयांच्या मशीनची काळजी घेणारे आपण अजून कान लावून बसलोय.

विकतचं स्मोक मशीन मिळतं, चांगलं असतं, पण घरच्या एका गाडीसाठी कोण घेणार. माझं असं बनलंय. रंगाचा रिकामा, स्वच्छ धुतलेला एक लिटरचा पत्र्याचा डबा, दाबून बसणाऱ्या झाकणाचा. स्क्रूचं झाकण नको, ते का ते पुढे सांगतो. जुन्या डिझेल जीपचा हीटर प्लग, स्पेअर पार्टवाल्याकडे मिळाला, तो डब्याच्या बाजूने नट आणि वायसर लावून आडवा बसवला. त्याच्याभोवती सुती वात गुंडाळली, जशी स्टोव्हची असते. तळाला दोन बोटं बेबी ऑइल. बेबी ऑइल म्हणजे शुद्ध मिनरल ऑइल, तापलं की दाट धूर देतं आणि इंजिनात गेलं तरी नासाडी करत नाही. झाकणाला दोन नळ्या: एकीतून माशांच्या टाकीचा छोटा पंप हवा घालतो, दुसरीतून धूर बाहेर. प्लगला गाडीच्या बॅटरीतून जाड वायरने, मध्ये वीस अँपिअरचा फ्यूज टाकून, पंधरा-वीस सेकंद करंट द्यायचा आणि सोडायचा. परत द्यायचा. सतत दिला तर वात पेटते. सगळं मिळून सहाशे रुपयांच्या आत झालं आणि त्यातला महाग भाग पंप होता.

दाबाचं मात्र डोक्यात ठेवा. अर्धा पीएसआय पुरतो, म्हणजे पाण्याच्या स्तंभात मोजलं तर साधारण पस्तीस सेंटिमीटर. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर अजिबात लावायचा नाही, धड असलेले सील उडतील आणि मग तुम्हाला खरोखरच नवे लीक सापडतील :-) दाब मर्यादेत ठेवायला मी धुराच्या नळीला एक टी जोडला आणि त्याला सलाइनची नळी लावून तिचं टोक पाण्याच्या उंच बाटलीत पस्तीस सेंटिमीटर खोल सोडलं. दाब त्यावर जायला लागला की तिथून बुडबुडे येतात. गेज नको, काही नको.

धूर सोडायचा कुठून? इथे डोकं लावायला लागतं. ब्रेक बूस्टरचा पाइप काढून त्या निपलमधून सोडणं सगळ्यात सोपं, पण मग तो पाइपच तपासायचा राहतो, कारण तुम्ही तो काढून ठेवलाय. मी फिल्टरकडून येणारा मोठा पाइप थ्रॉटलच्या तोंडावरून काढला, तिथे जाड रबरी हातमोजा ताणून क्लॅम्पने बांधला आणि त्याच्या एका बोटातून नळी आत घातली. झडप बंद असली तरी कडेच्या फटीतून धूर मागे जातो, दोनतीन मिनिटं द्यायची. आणि सायलेन्सरमधून धूर आला म्हणून नाचू नका. एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे राहून इंजिन थांबलं असेल तर तो रस्ता मोकळाच असतो. तो लीक नाही.

संध्याकाळी, शेडमध्ये, एलईडीची बॅटरी तिरकी धरून. तिसऱ्या मिनिटाला पीसीव्हीच्या पाइपाच्या कोपरातून, खालच्या बाजूने, उदबत्तीसारखी एक रेघ निघाली. वरून बघितलं तर पाइप नव्यासारखा. काढून उलटा केला तर वळणावर करंगळीच्या पेराएवढी चीर. अकरा उन्हाळे, मराठवाड्यातले, आणि आतून तेलाची वाफ. रबर कडक होऊन फाटलं होतं. तुळजापुरात तो पाइप १८० रुपयांना मिळाला. बसवला, आयडल ८०० वर येऊन थांबला, आयडलचा मॅप ४६ वरून ३३ वर आला. अण्णा काट्याकडे बघत पाच मिनिटं नुसते बसून होते. मग म्हणाले, "येवढंच हुतं?"

आता खरं भांडण. ह्यात मेस्त्री चोर आहेत का? मला तसं वाटत नाही. लबाडी करणारे असतील, पण बहुतेकांचं गणित सरळ आहे आणि ते गणित आपण घालून दिलंय. मेस्त्रीला पैसे कशाचे मिळतात? बदललेल्या पार्टचे, त्यावरच्या कमिशनचे, बसवायच्या मजुरीचे. तपासल्याचे मिळत नाहीत. समजा एखाद्या गॅरेजवाल्याने अर्धा तास घालवून धूर सोडला, चीर शोधली आणि बिल दिलं: पाइप १८०, तपासणी ५००. आपण काय म्हणतो? "अहो, एवढूशा पाइपाचे पाचशे?" आणि तेच त्याने ४,६००चा ऑक्सिजन सेन्सर टाकला, जुना खोक्यात घालून हातात दिला, की आपण निमूट फोनपे करतो. हातात काहीतरी आलं ना! शोधून काढण्याची किंमत शून्य आणि खोक्याची किंमत पूर्ण, हा बाजार आपण चालवलाय. मग गॅरेजवाला खोकी विकेल नाहीतर काय करेल?

आणि हे आपल्याला कळू नये? आपण, जे रोज तासाच्या हिशोबाने बिलिंग करतो? प्रॉडक्शनमध्ये काही बोंबललं की लॉग न वाचता सर्व्हर रीस्टार्ट करणारा, मग व्हर्जन बदलणारा, मग मेमरी वाढवणारा टीममेट आपण सगळ्यांनी बघितलाय. त्याला आपण काय काय म्हणतो ते इथे लिहिता येत नाही. पण दोन दिवस खपून एका ओळीतला बग शोधणाऱ्याला कुणी म्हणत नाही की एका ओळीचे दोन दिवसांचे पैसे कसले. तो न्याय बॉनेट उघडल्यावर कुठे जातो?

ह्यावर मित्रांशी वाद झाला. एक म्हणाला, गॅरेजवाल्याकडे दिवसाला दहा गाड्या, त्याला धूर सोडत बसायला वेळ कुठे? अरे बाबा, ह्या एका गाडीसाठी अण्णा पाच वेळा गॅरेजला गेले. एकदा थेट सोलापूर, जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. त्या पाच फेऱ्यांत गॅरेजचाही वेळ गेलाच की. तपासणी अर्ध्या तासाची होती. वेळ नाही हे कारण खोटं आहे, त्या वेळाचे पैसे मिळत नाहीत हे खरं आहे.

दुसरा म्हणाला, तू सॉफ्टवेअरवाला, दोन वर्षं आयटीआय केलेल्याला शिकवतोस? नाही शिकवत. आयटीआयच्या पोराला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, हातही त्याचा चांगला. मी फक्त गिऱ्हाईक म्हणून विचारतोय की माझे पैसे घ्यायच्या आधी काय तपासलं ते सांगा. "काय बदललं" ह्याची यादी बिलावर असते. "काय तपासलं" ह्याची का नसते?

तिसऱ्याचा मुद्दा मला मान्य आहे: घरी डबा तापवणं धोक्याचं आहे. आहेच. म्हणून स्क्रूचं झाकण नको म्हटलं, आत कधी भडका झालाच तर दाबून बसवलेलं झाकण उडून दाब मोकळा होतो, डबा फुटत नाही. डबा गाडीखाली किंवा बॉनेटमध्ये ठेवायचा नाही, दोन हात लांब जमिनीवर, शेजारी वाळूची बादली. पेट्रोलचा वास येत असेल तर त्या दिवशी टेस्टच नाही. आणि पर्जच्या पाइपातून मागे, टाकीकडे, हा धूर कधीही सोडायचा नाही. तापलेली वात, हवा आणि पेट्रोलची वाफ ह्यांची गाठ घालून द्यायची नसते. टाकीकडची बाजू तपासायला गॅरेजची मशीनं हवेऐवजी नायट्रोजन वापरतात ते ह्याचसाठी. ते काम त्यांचं. हे सगळं नको असेल तर नका करू घरी, ज्याच्याकडे मशीन आहे अशा गॅरेजला जा आणि तपासणीचे पाचशे न कुरकुरता द्या. माझं म्हणणं डब्यापुरतं नाहीये.

उगाच गुरगुरीसाठी एवढा खटाटोप कशाला, असंही कुणी म्हणेल. तर हे बघा. तुळजापूरचा घाट उतरताना पाय काढल्यावर इंजिनाने गाडी धरून ठेवली पाहिजे. चोरवाट असेल तर ते तितकं धरत नाही, ब्रेकवर जास्त भार येतो. आणि ब्रेकचा बूस्टर त्याच मॅनिफोल्डच्या व्हॅक्युमवर चालतो. आमच्याकडे चीर पीसीव्हीला होती. तीच बूस्टरच्या पाइपाला असती तर अण्णांना घाटात पेडल दगडासारखं लागलं असतं, आणि तोवर बिलात एक ऑक्सिजन सेन्सर वाढलेला असता.

बूस्टरबद्दल एक गोष्ट, कारण धुराने ती कळत नाही. त्याच्या पाइपात एकदिशा व्हॉल्व्ह असतो. मॅनिफोल्डकडून सोडलेला धूर तिथेच अडतो, बूस्टरच्या आतला पडदा फाटला असेल तरी बाहेर काही दिसत नाही. त्यासाठी इंजिन बंद करून ब्रेक चारपाच वेळा पूर्ण दाबा, पेडल कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. जागचं हललं नाही तर गाडी घाटात नेऊ नका, सरळ गॅरेजला न्या.